प्रकाशवेग

निर्वातात प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर अंतर कापतो. हे मूल्य १९८३ पासून मोजमापाचा विषय राहिलेले नाही. ते व्याख्येनेच निश्चित केलेले असून मीटरची लांबी त्यावरून ठरते.

प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो हे प्रथम कोणी ओळखले, याबद्दल एकमत नाही. श्रेय सामान्यतः डॅनिश ज्योतिर्विद ओले रोमर यांना देतात. पॅरिसच्या वेधशाळेत ते गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांच्या वेळा तपासत होते. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे गणिताने आलेल्या वेळेच्या मागे पडत जातात. त्यावरून पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, असे रोमर यांनी १६७६ मध्ये मांडले (आजच्या मापनाने सु. १६ मि. ४० से.). मात्र वेधशाळेचे प्रमुख कॅसिनी यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हीच कल्पना बोलून दाखवल्याची नोंद आहे. काही जुने ग्रंथ हे साल १६७५ देतात. गुरूच्या इतर उपग्रहांत तसा फरक न आढळल्याने कॅसिनींनी ती कल्पना पुढे सोडून दिली. सूचना कॅसिनींची आणि ती चिकाटीने सिद्धीस नेणारे रोमर, ही मांडणी पुराव्याशी अधिक जुळते. आयोचे ग्रहण गणितापेक्षा उशिरा सुटेल, या रोमर यांच्या गाजलेल्या भाकिताची तारीख १६ नोव्हेंबर अशी दिली जाते, पण प्रत्यक्ष वेध मिळतो तो ९ नोव्हेंबरचा. रोमर यांनी वेगाचा आकडा दिलाच नव्हता. तो डच शास्त्रज्ञ हायगेन्झ यांनी काढला आणि तो पावभागाहून अधिक कमी आला.

ऋग्वेदावरील (१.५०.४) सायणभाष्यात, म्हणजे चौदाव्या शतकात, अर्ध्या निमिषात २,२०२ योजने जाणाऱ्या सूर्याला नमन आहे. योजन (अंतराचे जुने माप) आणि निमिष (पापणी लवण्याइतका काळ) यांची विशिष्ट मापे घेतल्यास हा आकडा आधुनिक मूल्याच्या अगदी जवळ येतो. पण दोन्ही मापे ग्रंथागणिक बदलतात, आणि उल्लेख सूर्याच्या गतीचा आहे. त्यामुळे यात मापन पाहण्यापेक्षा योगायोग मानणे सुरक्षित.

पृथ्वीवरील पहिले यशस्वी मापन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फीझो यांनी १८४९ मध्ये ७२० दात्यांच्या फिरत्या चाकाने केले. आरसा ८,६३३ मीटरांवर होता. चाकाच्या फटीतून गेलेला किरण परतेपर्यंत तिथे पुढचा दाता आला की प्रकाश दिसेनासा होई. पाण्यात प्रकाश मंदावतो हे फूको यांनी १८५० मध्ये दाखवले. वीज व चुंबकत्वाच्या प्रयोगांतून मिळणारा एक स्थिरांक प्रकाशवेगाशी जुळतो हे पाहून मॅक्सवेल यांनी प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय तरंग असे अनुमान काढले. हा वेग कोणाच्या सापेक्ष, हा प्रश्न मात्र उरला. मायकेलसन व मॉर्ली यांना (१८८७) ईथरमधून (प्रकाशतरंग वाहून नेणारे, सर्वत्र पसरलेले मानलेले माध्यम) जाणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा अपेक्षित परिणाम आढळला नाही. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये हा वेग सर्व जडत्वीय (म्हणजे वेग न बदलता सरळ जाणाऱ्या) निरीक्षकांना समानच असतो, हे गृहीतक म्हणून स्वीकारले.

पुंज सिद्धांतात, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकीत, प्रश्नाचे स्वरूप बदलते. फोटॉन या प्रकाशाच्या कणाला ठरीव मार्ग नसतो. संभाव्यतेच्या गणितात प्रकाशवेगाहून कमी-अधिक वेगाच्या मार्गांचेही अंशदान येते. तरीही प्रत्यक्ष मोजता येणाऱ्या राशींच्या पातळीवर हे अंशदान असे जुळते की संदेश प्रकाशाच्या पुढे जात नाही. वेग हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. स्पंदाचे (प्रकाशाच्या छोट्या झोताचे) शिखर प्रकाशवेगाहून जलद सरकू शकते, पण स्पंदाची अगदी पहिली आघाडी तसे करू शकत नाही, हे सोमरफेल्ड व ब्रीय्वँ यांनी १९१४ मध्येच दाखवले होते. उलट, अतिशीत सोडियम अणूंच्या मेघात १९९९ मध्ये स्पंदाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला गेला. निर्वातातही शलाकेला विशिष्ट आकार दिल्यास एकेकटे फोटॉन किंचित मागे पडतात (२०१५).

धातूच्या दोन समांतर पट्ट्यांमधील निर्वातात प्रकाश किंचित जलद जावा, असे गणित शार्नहोर्स्ट यांनी १९९० मध्ये मांडले. एक मायक्रोमीटर अंतरासाठी हा फरक १०³⁶ भागांत सुमारे एका भागाइतका येतो. त्याचे मापन झालेले नाही.