कोरड्या प्रदेशातील तलावांचा विस्तार व संकोच

कमी पावसाच्या प्रदेशातील तलावाचे क्षेत्रफळ ऋतूनुसार आणि वर्षावर्षाला बदलत राहते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण व खटाव (जि. सातारा) आणि आटपाडी व जत (जि. सांगली) हे तालुके याचे जवळचे उदाहरण होय. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवड-आटपाडीकडे तो जेमतेम पाचशेच्या घरात असतो.

ज्या नैसर्गिक सरोवरातून पाण्याला बाहेर वाट नसते, तेथे येणारे पाणी व उडून जाणारी वाफ यांचा मेळ बसेपर्यंत पाणी पसरत जाते. आवक घटली की ते मागे हटते आणि पृष्ठभाग लहान झाल्याने बाष्पीभवनही घटून नवा मेळ बसतो. ऑस्ट्रेलियातील आयर सरोवर एरवी बहुतांशी कोरडे असते, पण १९७४ च्या पुरात ते तुडुंब भरले होते. मध्य आशियातील अरल समुद्राची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या सुमारास सुमारे ६८,००० चौ. किमी. असलेले हे सरोवर, त्याला मिळणाऱ्या आमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे आटले.

माणदेशातील बहुतेक तलाव मानवनिर्मित आहेत. माणगंगेवरील राजेवाडी तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला. असे तलाव उथळ व पसरट असतात. काठाचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी एक मीटर उतरताच काठ शंभर मीटर आत सरकतो. उन्हाळ्यात रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी केवळ वाफ होऊन जाते. शिवाय ओढ्यांबरोबर आलेला गाळ तळाशी साचून साठवणक्षमता कमी होते, त्यामुळे तलाव भरल्यावर पूर्वीएवढाच दिसला तरी पोटात पाणी कमी असते. काठावरून पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पाणी मागे सरकते तशी उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर ज्वारी, हरभरा अशी पिके घेतात. अशा पेरणीला गाळपेर म्हणतात. काठालगतचा चिखल वाळून त्याला हाताच्या पंजाएवढ्या खपल्या पडतात, त्यांवर शिंपले व पक्ष्यांच्या पायांचे ठसे राहतात, आणि त्याच्या वरच्या अंगाला हरभरा हिरवा असतो.

तलाव आटला म्हणजे तो निकामी झाला, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरतो. १९७२ च्या दुष्काळात ठिकठिकाणी खोदलेल्या पाझर तलावांचे कामच पाणी जमिनीत मुरवण्याचे आहे. ते माघ-फाल्गुनात कोरडे पडले आणि खालच्या विहिरींना पाणी टिकले, तर तलाव आपले काम करतो आहे. म्हणून पाणी वाफ होऊन वर गेले, खाली मुरले, पिकांना दिले गेले, की वरच्या बांधबंदिस्तीमुळे आलेच नाही, हे पाहावे लागते.

आता जिहे-कठापूर उपसा योजनेतून कृष्णेचे पाणी खटावमधील नेर व माणमधील आंधळी तलावात सोडले जाते, तर टेंभू योजनेचे पाणी आटपाडीकडे येते. त्यामुळे या तलावांच्या आकारावरून त्या वर्षीच्या पावसाचा अंदाज बांधणे पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. खटावमधील मायणीच्या तलावावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांना मात्र उथळ पाणी लागते. काठोकाठ भरलेल्या तलावापेक्षा थोडे उतरलेले पाणीच त्यांना चरण्यासाठी सोयीचे पडते.