गोळी गेल्यावर हलणारी बंदूक

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मराठवाड्यात गावोगाव आहेत. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं धावतात आणि दमली की टपरीवर बसून बंदुकांबद्दल बोलतात. त्या गप्पांत एक विधान हमखास ऐकू येतं : "एसएलआरचा नेम बोल्टवाल्या रायफलीसारखा बसत नाही. गोळी सुटते त्याच वेळी आतलं सगळं मागं पळतं, मग नळी हलणारच की!" एसएलआर म्हणजे पोलिसांकडची आपोआप भरणारी रायफल. बोल्टवालीत नळी मागून बंद करणारी दांडी, म्हणजे बोल्ट, दर गोळीला हातानं ओढावी लागते. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं मारायच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून या विधानाला पुरावाही सापडलाय. बघा, तो दर गोळीला हातानं बोल्ट मागं ओढत होता. आपोआप भरणारी बंदूक चांगली असती, तर त्यानं तीच घेतली नसती का?

आधी हा पुरावा बाद करू. कुसाळेच्या प्रकारात एकेक गोळी हातानं भरायची, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियमच आहे. तिथं निवडीचा प्रश्नच येत नाही. उलट ऑलिंपिकमध्येच २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे. त्यात सगळ्यात जलद फेरीला चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात आणि पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिकच लागतं. २०१२ साली लंडनमध्ये आपल्या विजय कुमारनं रौप्यपदक घेतलं ते याच प्रकारात.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तेही एकदा सांगून टाकतो, कारण वृत्तवाहिन्यांनी त्याचा पार चिखल केलाय. त्यांच्या लेखी लांब नळीची प्रत्येक बंदूक एके-४७ असते आणि सतत धडधडत असते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते. रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, सारणं एवढं काम बंदूक स्वतः करते. पुढची गोळी हवी असेल तर बोट ढिलं करून घोडा पुन्हा दाबावा लागतो. बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्याला दिसणारी ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, याच जातीची. जालन्याच्या किंवा हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बलातल्या जुन्या जवानाला विचारा, डोळे मिटून ती खोलून दाखवेल.

अशा रायफलींची लांब पल्ल्याची स्पर्धा बघायची, तर अमेरिकेत ओहायो राज्यातलं कॅम्प पेरी गाठावं लागतं. १९०७ पासून तिथं राष्ट्रीय सामने होतात. सर्व्हिस रायफल या गटात २००, ३०० आणि ६०० यार्डांवरून मारायचं असतं. तिथं आधी १९३६ साली अमेरिकी लष्करात आलेली गॅरंड चालायची, मग एम-१४ आली, आणि १९९० च्या दशकापासून एआर-१५ नं सगळ्यांना मागं टाकलं. ब्रिटननं १९८८ साली मोठ्या काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली नागरिकांसाठी बंद केल्या, त्यामुळे हा खेळ बराचसा अमेरिकेपुरता उरला. ६०० यार्ड म्हणजे ५४९ मीटर. तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १२ इंचांचं, म्हणजे ३० सेंटिमीटरचं. एवढ्या अंतरावरून ते जेमतेम एक तिसांश अंशाचा कोन व्यापतं. कसलेले नेमबाज वीसच्या वीस गोळ्या त्यात बसवतात, आणि २०१६ पर्यंत तेही दुर्बिणीशिवाय, नुसत्या साइटवर. आतले भाग पळाल्यानं नळी हलत असती तर हे जमलं असतं का?

आता मला आवडणारा भाग. इथं घड्याळ सेकंदांचं चालत नाही, मिलिसेकंदांचं लागतं.

घोडा दाबला. हातोडी सुटली, फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाशी आदळली आणि दारू पेटली. चेंबरमधला दाब वातावरणाच्या सुमारे ३,४०० पट होतो. हा दाब गोळीला पुढं ढकलतो आणि तेवढ्याच जोरानं बोल्टला मागं ढकलतो. बोल्ट नळीच्या मागच्या टोकाशी कुलूपबंद असतो, म्हणून उघडत नाही. एसएलआरची नळी ५३ सेंटिमीटरची आहे आणि गोळी तोंडातून सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडते. शून्यापासून त्या वेगापर्यंतचा नळीतला प्रवास एक-सव्वा मिलिसेकंदात संपतो.

या सव्वा मिलिसेकंदात बंदूक मागं सरकते, हे खरं आहे. पण किती? गोळी ९.३ ग्रॅमची, तिच्यासोबत धावणाऱ्या दारूच्या वायूचा वाटा दीड ग्रॅम धरू. रायफल साधारण ४,३०० ग्रॅमची. संवेग अक्षय्यतेचा शाळेतला नियम लावा : पावणेअकरा भागिले ४,३००, गुणिले ५३ सेंटिमीटर. उत्तर येतं १.३ मिलिमीटर. गोळी नळीत असताना बंदूक मागं सरकते ती एवढीच. आणि हे गणित करताना रायफल बोल्टवाली आहे की आपोआप भरणारी, हे कुठंच विचारावं लागलं नाही. त्याच वजनाच्या बोल्टवाल्या रायफलीचं उत्तरही हेच.

फरक पडतो तो वायूच्या छिद्रामुळे. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच्या नळीला पुढच्या भागात एक बारीक छिद्र असतं. गोळी त्याच्यापुढं गेली की मागचा वायू त्यातून थोडासा निसटतो आणि यंत्रणेला मागं ढकलतो. एसएलआरमध्ये तो पिस्टनला ढकलतो. एआर-१५ मध्ये तिचा रचनाकार यूजीन स्टोनरनं पिस्टनची दांडी काढून टाकली आणि वायू एका बारीक नळकांडीतून थेट मागच्या बोल्ट कॅरियरमध्ये, म्हणजे बोल्टला घेऊन मागंपुढं सरकणाऱ्या भागात, सोडला. वीस इंची नळीच्या एआर-१५ मध्ये हे छिद्र चेंबरकडून सुमारे तेरा इंचांवर असतं. छिद्र ओलांडल्यावर गोळीला उरतात सात इंच, म्हणजे १८ सेंटिमीटर. तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला, तर ते अंतर ती सुमारे ०.२ मिलिसेकंदात कापते.

तेवढ्या वेळात यंत्रणा किती हलेल? वायूला आधी नळकांडीतून मागं पोचायचंय, मग कॅरियरचं जड लोखंड हलवायचंय. पण आपण टपरीवरच्या पोरांच्या बाजूनं सढळ हातानं हिशोब करू. कॅरियर पहिल्या क्षणापासून सेकंदाला सहा मीटर वेगानं पळायला लागला असं धरू. प्रत्यक्षात तो शून्यापासून सुरू होतो. तरीही ०.२ मिलिसेकंदात तो १.२ मिलिमीटर सरकेल. आणि कॅरियरला सुरुवातीचे काही मिलिमीटर मुद्दाम रिकामे ठेवलेले असतात. तेवढं अंतर तो एकटा सरकतो, बोल्टचं कुलूप जागचं हलतही नाही. कुलूप फिरायला लागतं तोवर गोळीनं नळी सोडलेली असते.

ही रिकामी धाव कुणी नेमाच्या काळजीनं ठेवलेली नाही, जिवाच्या काळजीनं ठेवली आहे. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडलं तर काय होतं, ते घरोघर माहीत आहे. इथं दाब कुकरच्या हजारो पट असतो. गोळी नळीत असताना बोल्ट उघडला, तर पितळी पुंगळी फाटेल आणि वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल. म्हणून गोळी जाऊन दाब उतरेपर्यंत कुलूप निघता कामा नये, अशीच रचना करावी लागते. ती केली की नेमाचाही प्रश्न आपसूक सुटतो.

मग पोरांना जाणवतं ते काय? तेही खोटं नाही. खांद्याला खरंच तीन हिसके बसतात : पहिला गोळीचा, दुसरा कॅरियर मागं जाऊन टेकतो त्याचा, तिसरा बोल्ट पुढं येऊन बंद होतो त्याचा. हे सगळं शंभर मिलिसेकंदांच्या आत उरकतं, आणि मेंदूला तो एकच धक्का वाटतो. दुसरा हिसका बसेपर्यंत गोळी कितीतरी मीटर पुढं गेलेली असते. छिद्रातून वायू गेल्यानं वेग घटतो, हीसुद्धा एक आवडती तक्रार असते. घट होते, पण एका टक्क्याच्याही आत.

एसएलआरला वायूचं प्रमाण कमी-जास्त करायला फिरवायची कडी असते, गॅस रेग्युलेटर. नळी घाण झाली की वायू वाढवायचा, साफ केली की कमी करायचा. वायू कमी पडला तर पुंगळी अडकते, जास्त झाला तर यंत्रणा उगाच आपटते. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, त्याला माझी ना नाही. पण हळद-कुंकवाची बोटं त्या कडीवर आणि छिद्राच्या तोंडावर ओढली, तर वर्षभर अडकणाऱ्या पुंगळ्यांचं खापर ग्रहदशेवर फोडू नका. लिंबू बांधून नेम सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. कार्बन खरवडून सुधारल्याचं पाहिलंय.

तरीही उत्तम बोल्टवाली रायफल उत्तम सेमी-ऑटोमॅटिकपेक्षा थोडी सरसच असते. म्हणून निष्कर्ष अर्धा बरोबर म्हणायला हवा. कारणं वेगळी आहेत, आणि त्यातली बहुतेक गोळी सुटण्याच्या आधीची. घोडा सुटल्यापासून दारू पेटेपर्यंतचा वेळ टारगेटच्या बोल्ट रायफलीत दोन मिलिसेकंदांच्या आसपास असतो. हातोडीवाल्या यंत्रणेत त्याच्या दुपटीहून जास्त. तेवढा वेळ तुमचा हात आणि श्वास नळी हलवत राहतात, शिवाय हातोडी आपटते तिचाही धक्का असतोच. दुसरं कारण नळीला लटकलेला सरंजाम. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते, आणि त्या थरथरण्याची तऱ्हा दर वेळी सारखी हवी. हातकवच (नळीभोवतीचं, पुढच्या हातानं धरायचं आवरण) किंवा पट्टा नळीला ओढत असेल तर ती बदलते, म्हणून स्पर्धेच्या एआर-१५ मध्ये हातकवच नळीला कुठंही टेकू देत नाहीत. तिसरं कारण घोडा. सर्व्हिस रायफलला तो किमान साडेचार पौंडांचा, म्हणजे दोन किलोंचा लागतो, असा नियम आहे. दोन किलो ओढताना बोट नळीला बाजूला नेणार नाही, यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

सगळ्यात गमतीचा भाग मॅगझिनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा. ६०० यार्डांवर वाऱ्याला दाद न देणारी लांबट, जड गोळी लागते, ८० ग्रेनची, म्हणजे ५.२ ग्रॅमची. ती काडतुसात नीट बसवली की काडतूस इतकं लांब होतं की मॅगझिनमध्ये मावतच नाही. मग आपोआप भरणारी रायफल हातात असून नेमबाज एकेक काडतूस हातानं चेंबरमध्ये घालतो, वीस मिनिटांत वीस. स्वयंचलनाचा खरा फायदा २०० आणि ३०० यार्डांच्या जलद फेरीत दिसतो. तिथं साधारण मिनिटभरात दहा गोळ्या मारायच्या असतात, आणि दर गोळीला गाल दस्त्यावरून उचलून बोल्ट ओढणाऱ्याची तारांबळ उडते.

एवढं सगळं करून ६०० यार्डांवर हरवतो तो वाराच. ८० ग्रेनची गोळी सेकंदाला ८४० मीटरनं निघाली, तर हवाच नसती तर ५४९ मीटर ०.६५ सेकंदात गेली असती. हवेमुळे तिला सुमारे ०.८३ सेकंद लागतात. आडवा वारा गोळीला किती सरकवेल, हे पूर्ण ०.८३ सेकंदांवर ठरत नाही. वाऱ्याचा वेग गुणिले फक्त हरवलेला वेळ, म्हणजे ०.१८ सेकंद, असं ते सूत्र आहे. सेकंदाला साडेचार मीटर वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारक्या फांद्या हलवणारा, गोळीला ८० सेंटिमीटर बाजूला नेतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या १५ सेंटिमीटर. वाऱ्याच्या अंदाजात सेकंदाला एका मीटरची चूक झाली, तरी दहा गुण गेले. यूट्यूबवर मात्र स्नायपरच्या व्हिडिओत पृथ्वीच्या फिरण्याचा हिशोब मोठ्या कौतुकानं सांगतात. परभणीच्या अक्षांशावर, साधारण १९ अंशांवर, ६०० यार्डांना त्यानं गोळी बाजूला सरकते ती एक सेंटिमीटर.

वारा वाचायला नेमबाज मृगजळ वापरतात, आणि त्यात आपलं काळं रान कुणाला हार जायचं नाही. एप्रिल-मेच्या दुपारी नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून दुर्बीण लावली की हवेचे पट्टे वाहताना दिसतात. ते उजवीकडे वाहत असतील तर वारा डावीकडून येतोय. नुसतेच उकळल्यासारखे सरळ वर जात असतील तर आडवा वारा जवळजवळ नाही, किंवा तो थेट समोरून वा पाठीमागून आहे. वारा जोराचा झाला की पट्टे चपटे होतात आणि त्यांच्यावरून वेग सांगणं अवघड जातं. त्यात मृगजळ लक्ष्याची प्रतिमाच सरकवतं, तेव्हा दिसणारा काळा ठिपका जिथं दिसतो तिथं असेलच असं नाही.

हवेच्या घनतेचाही हिशोब आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तिथली एक घनमीटर हवा सुमारे १.१७ किलोची भरते, मेच्या दुपारी ४० अंशांना १.०५ किलोची. दहा टक्के हवा कमी म्हणजे विरोध जवळपास दहा टक्के कमी. डिसेंबरात बसवलेली साइट मे महिन्यात तशीच ठेवली, तर ६०० यार्डांवर गोळी दहा सेंटिमीटरच्या आसपास वर लागेल. तापलेली दारू जोरात पेटते, त्यामुळे ती आणखी थोडी चढेल. आपल्याकडे सर्वसाधारण शस्त्र परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळत नाही, त्यामुळे हे पडताळून बघणं चांदमारीवर जाणाऱ्या जवानांनाच शक्य आहे. एनसीसीच्या पॉइंट टू-टूवर, म्हणजे बारक्या काडतुसाच्या रायफलीवर, २५ मीटरला हा फरक दिसणार नाही.