टॅपेट वाजत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक?

‘आवाज येत नाही ना, मग व्हॉल्व्ह उघडून बघायचे कशाला? आणि बिघडलेच तर एक्स्टेंडेड वॉरंटी आहेच.’ दोन्ही समज चुकीचे, पहिला जास्त घातक.

इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि तो उघडणारी यंत्रणा (टॅपेट) यांच्यात थोडा गॅप ठेवलेला असतो, त्यालाच व्हॉल्व्ह क्लिअरन्स म्हणतात. हा गॅप वाढला की टकटक ऐकू येते. पण बऱ्याच इंजिनांत, विशेषतः एक्झॉस्ट बाजूला, व्हॉल्व्ह सीटमध्ये (बंद होताना तो जिथे टेकतो त्या कडेत) झिजून वर सरकतो आणि गॅप उलट कमी होतो. इंजिन आणखी शांत चालतं! गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सीटला टेकून थंड होत नाही आणि शेवटी जळतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं, गाडी नीट स्टार्ट होत नाही. कानाला हे कळणार कसं? थंड इंजिनात फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालूनच कळतं. मुदत मॅन्युअलमधली पाळा: कुठे २४,००० किमी, कुठे ४०,००० च्याही पुढे. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप जुळवणारे) असतील तर ही कटकटच नाही.

आता वॉरंटी. ती साधारणपणे उत्पादनातल्या दोषासाठी असते. गॅप तपासणं, शिम (गॅप जुळवणारी छोटी चकती) बदलणं हा देखभालीचा खर्च, तो आपलाच. तपासणी टाळली आणि व्हॉल्व्ह जळला, तर क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. म्हणून काम झाल्यावर बिलावर किलोमीटर आणि ‘व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासला’ असं लिहून घ्या. नुसतं ‘सर्व्हिसिंग’ नको.