सॅनिटायझरमधलं पेरॉक्साइड तुमच्या हातासाठी नसतंच

जागतिक आरोग्य संघटनेचा हँड सॅनिटायझरचा फॉर्म्युला कधी नीट वाचलाय का? त्यात ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बाकी पाणी एवढंच असतं. ग्लिसरॉल कशाला ते कळतं, कातडी कोरडी पडू नये म्हणून. पण पेरॉक्साइड इतकं चिमूटभर का? जखम धुवायला जे वापरतात ते ३ टक्क्यांचं असतं, त्यापुढे हे काहीच नाही. तर गंमत अशी की ते हातावरच्या जंतूंसाठी टाकलेलंच नाहीये. अल्कोहोल बॅक्टेरिया मारतं, बुरशी मारतं, पण काही बॅक्टेरिया बीजाणू बनवून बसतात ना, त्या जाड कवचापुढे अल्कोहोलचं काही चालत नाही, आणि असे बीजाणू बाटलीत किंवा कच्च्या मालातून आलेले असू शकतात. म्हणून बाटल्या भरल्या की ७२ तास बाजूला ठेवायच्या, तेवढ्यात पेरॉक्साइड ते बीजाणू संपवतं.

दोन अँटीसेप्टिक एकत्र करण्यातली मेख इथेच आहे. लोकांना वाटतं दोन औषधं म्हणजे दुप्पट मारा. खरं तर एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याने करायचं असतं, आणि तसं होत नसेल तर दुसरं टाकून उपयोग शून्य, कधीकधी तर नुकसानच.

आता अल्कोहोलचंच घ्या. ते जंतूची प्रोटीन्स गोठवतं, पेशीचं पटल विरघळवतं, आणि हे सगळं काही सेकंदांत. (शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल मात्र ७० टक्क्यांपेक्षा कमी काम करतं कारण प्रोटीन बिघडायला पाणी लागतं, हे अजून बऱ्याच जणांना पटत नाही.) पण ते उडून गेलं की विषय संपला, पाच मिनिटांनी नवीन जंतू आले तर त्यांना अडवायला कातडीवर काहीच उरलेलं नसतं. क्लोरहेक्सिडिन याच्या बरोबर उलट. १९५४ पासून वापरात असलेला हा रेणू तसा सावकाश काम करतो, पण त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि कातडीवर व जंतूच्या पृष्ठभागावर निगेटिव्ह, त्यामुळे तो चिकटून बसतो आणि तासन् तास तिथेच राहतो. कमी प्रमाणात असला तर जंतूच्या पटलातून पोटॅशियम गळायला लागतं, जास्त असला तर आतला सगळा मालमसाला गोठून जातो. ऑपरेशनआधी कातडीला लावतात ते २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे एकाने लगेच साफ करायचं आणि दुसऱ्याने ऑपरेशन होईपर्यंत राखण करायची. फक्त लावल्यावर पूर्ण वाळू द्यावं लागतं, केस नसलेल्या कातडीवर निदान ३ मिनिटं, कारण ओलं असताना इलेक्ट्रिक उपकरण लावलं तर ते पेट घेतं.

२०१० मध्ये अमेरिकेत ८४९ पेशंटवर झालेली एक ट्रायल खूप गाजली. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावलेल्यांमध्ये ऑपरेशनच्या जागी इन्फेक्शन ९.५ टक्के, पोविडोन आयोडीन लावलेल्यांमध्ये १६.१ टक्के. झालं, सगळीकडे आयोडीन हरलं अशी हवा. पण नीट बघितलं तर एका बाजूला दोन औषधं होती आणि दुसऱ्या बाजूला पाण्यातलं आयोडीन एकटंच, मग जिंकलं कोण, क्लोरहेक्सिडिन की अल्कोहोल? ही तुलनाच मला लंगडी वाटते. आयोडीनलाही अल्कोहोलची जोड दिली की चित्र बदलतं. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हृदयाच्या आणि पोटाच्या ऑपरेशनवरच्या ट्रायलमध्ये अल्कोहोलमधलं आयोडीन ५.१ टक्के आणि अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन ५.५ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरीच. त्याच वर्षी हाडं मोडलेल्या पेशंटवरची मोठी ट्रायल आली, त्यात कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये तर आयोडीन-अल्कोहोलच थोडं सरस निघालं, २.४ विरुद्ध ३.३ टक्के. म्हणजे एवढी वर्षं आयोडीनला नावं ठेवली, त्यातला बराचसा दोष पाण्याचा होता!

हे झालं कामं वाटून घेणं. याच्या पुढची पायरी म्हणजे एकाने दुसऱ्याचा रस्ता मोकळा करणं. स्युडोमोनाससारख्या काही बॅक्टेरियांना दोन पटलं असतात, आणि बाहेरचं पटल बरीच अँटीसेप्टिक आत शिरूच देत नाही. त्या पटलातले रेणू मॅग्नेशियम आणि कॅल्शियमने एकमेकांशी बांधलेले असतात, भिंतीतल्या विटा सिमेंटने बांधाव्यात तसे. ईडीटीए नावाचं रसायन स्वतः फारसं मारक नाही पण ते हे मॅग्नेशियम-कॅल्शियम ओढून घेतं, पटल ढिलं पडतं, आणि मग बेंझाल्कोनियम क्लोराइड किंवा क्लोरहेक्सिडिन कितीतरी कमी प्रमाणात काम करून जातं. खरी सिनर्जी, म्हणजे दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काम, ती ही. जाहिरातीत जो शब्द फेकतात तो नव्हे.

ती मोजतात कशी तेही बघण्यासारखं आहे. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, ८ आडव्या ओळी आणि १२ उभ्या रांगा, म्हणजे ९६ खळगे. आडवं जाताना पहिलं औषध प्रत्येक खळग्यात निम्मं निम्मं होत जातं, उभं जाताना दुसरं, आणि सगळ्यांत सारखेच जंतू टाकतात. दुसऱ्या दिवशी बघायचं, गढूळ खळग्यात जंतू वाढलेत आणि स्वच्छ खळग्यात नाही. समजा पहिलं औषध एकटं असताना ८ युनिट लागतं आणि दुसरं एकटं १६, पण दोन्ही एकत्र असताना १ आणि २ मध्येच भागलं, तर १ भागिले ८ अधिक २ भागिले १६, उत्तर ०.२५. हा आकडा ०.५ किंवा त्याहून कमी आला तरच सिनर्जी म्हणायची. ४ च्या वर गेला तर दोघं एकमेकांच्या विरोधात आहेत. मधलं सगळं म्हणजे नुसतं शेजारी शेजारी उभे आहेत, आणि बहुतेक जोड्या याच मधल्या पट्ट्यात पडतात.

पण खळगा स्वच्छ दिसला म्हणजे जंतू मेले असं नाही हं, वाढ थांबली एवढंच. मेले का ते बघायला त्यातला थेंब ताज्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरावा लागतो, आणि इथे भल्याभल्यांची फसगत होते, कारण थेंबाबरोबर औषधही अगारवर जातं आणि तिथेही वाढ थांबवतं, मग रिझल्ट असा येतो की व्वा, सगळे मेले. म्हणून ठरलेल्या वेळी औषध निकामी करणारा न्यूट्रलायझर टाकतात, आयोडीनसाठी थायोसल्फेट, क्लोरहेक्सिडिनसाठी लेसिथिन आणि ट्वीन ८०. कुठल्याही प्रॉडक्टचा भारी रिझल्ट कोणी दाखवला तर न्यूट्रलायझर कुठला वापरला हे आधी विचारावं.

बुरशीचं प्रकरण वेगळं आहे. ती आपल्यासारखीच केंद्रक असलेली पेशी, वर कायटिन आणि ग्लुकानची दणकट भिंत. युरोपातल्या टेस्टमध्ये बॅक्टेरियासाठी १० लाखांतले १० च शिल्लक राहिले पाहिजेत असा नियम, आणि बुरशीसाठी १०० राहिले तरी पास, यावरून समजा मारायला किती चिवट ते. त्यामुळे बाटलीवर बॅक्टेरिया मारतं असं लिहिलंय म्हणून बुरशीही मरेल असं धरून चालू नका. कँडिडा ऑरिस नावाचं यीस्ट २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा ओळखलं गेलं, ते हॉस्पिटलच्या पृष्ठभागांवर आठवडेच्या आठवडे टिकतं आणि फरशी पुसायच्या साध्या क्वॉट (बेंझाल्कोनियम क्लोराइडच्या जातीतल्या) जंतुनाशकांना बऱ्याचदा दाद देत नाही, तिथे क्लोरीन नाहीतर पेरॉक्साइडवालं काढावं लागतं.

नायट्यासारख्या कातडीच्या बुरशीवर मात्र एक जुनी जोडी आहे, व्हिटफिल्ड मलम. ६ टक्के बेंझोइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड. बेंझोइक बुरशीची वाढ रोखतं, आणि सॅलिसिलिक कातडीचा वरचा मेलेला थर सोलून काढतं, ज्या थरात बुरशी राहते तोच थर. आग होते, आधुनिक क्रीमपुढे ते मागे पडलं, पण आयडिया झकास.

दोन औषधांचा आणखी एक फायदा सांगतात, की जंतूंना दोघांविरुद्ध एकदम रेझिस्टन्स कमावणं अवघड. काही अंशी खरंय. ट्रायक्लोसान हे साबणात टाकायचं जंतुनाशक कमी प्रमाणात जंतूच्या एकाच एन्झाइमला धरतं, ते एन्झाइम बदललं की जंतू सुटला, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) त्याला इतर १८ रसायनांसकट घरगुती साबणातून बाहेर काढलं. पण काही बॅक्टेरियांकडे असे पंप असतात जे क्वॉट आणि क्लोरहेक्सिडिन दोन्ही बाहेर फेकतात. तेव्हा एकाच जातीची दोन औषधं एकत्र केली तर रेझिस्टन्सच्या बाबतीत हाती फारसं लागत नाही.

आणि आता जोड्या बिघडतात ते. क्लोरहेक्सिडिन पॉझिटिव्ह, साबण आणि टूथपेस्टमधला फेस निगेटिव्ह, दोघं भेटले की एकमेकांना धरून निकामी होतात, म्हणून ब्रश केल्यावर लगेच क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करायच्या नाहीत, अर्धा तास थांबा म्हणतात ते यासाठी. ब्लीच तर कशातच मिसळायचं नाही, ॲसिडमध्ये पडलं की क्लोरीन वायू, अमोनियात पडलं की क्लोरामाइन, दोन्ही फुप्फुसाची वाट लावतात. रूट कॅनाल करताना डेंटिस्टला ब्लीच आणि क्लोरहेक्सिडिन दोन्ही वापरायचे असतात, पण दातात ते एकत्र आले की नारिंगी-तपकिरी गाळ तयार होतो, तो दाताच्या बारीक नळ्यांमध्ये अडकून बसतो आणि दातही रंगतो, म्हणून आधी ब्लीच, मग सलाइनने धुणं, कागदी पॉइंटने (कागदाच्या बारीक टोकदार काडीने) कोरडं करणं, आणि त्यानंतरच क्लोरहेक्सिडिन.