उजव्या सीटवरचा माणूस

१९३५ च्या ऑक्टोबरात टाटांचं एक फॉक्स मॉथ विमान मुंबईहून दक्षिणेला निघालं. गोवा आणि कन्नूर करत त्रिवेंद्रमला पोचणारी ती नवी सेवा होती, आणि चालवायला होते नेव्हिल व्हिन्सेंट. त्या विमानात प्रवासी पुढे, बंद केबिनमध्ये बसायचे. वैमानिक त्यांच्या मागे, वरच्या अंगाला, उघड्या वाऱ्यात. वैमानिकाला भोवळ आली असती, तर पुढे बसलेल्यांना ते विमान कलंडायला लागल्यावरच कळलं असतं. कळूनही हाताशी काही नव्हतं. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवासी उड्डाणाची सुरुवात ही अशी झाली.

त्याआधी तीन वर्षं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. पस मॉथ विमान, सुमारे २५ किलो टपाल, आणि वैमानिक एकटाच. रेडिओही नव्हता. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. ते वाचताना अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. ७८ वर्षांचं हृदय आणि शेजारी कुणीच नाही.

मोठ्या विमानांनी हा धोका दोन वैमानिक ठेवून कमी केला, पण दुसरा माणूस नुसता बसून असणं पुरत नाही हे समजायला मोठी किंमत मोजावी लागली. १८ जून १९७२ रोजी हीथ्रोहून उडालेलं ट्रायडंट विमान काही मिनिटांत स्टेन्सजवळ कोसळलं आणि ११८ जण गेले. कॅप्टनच्या हृदयाचा आजार हे त्यामागचं एक कारण असल्याचं चौकशीत पुढे आलं. माणूस कोसळतो तेव्हा दर वेळी मान टाकतो असं नाही. तो डोळे उघडे ठेवून, हात जागच्या जागी ठेवूनही हरवलेला असू शकतो. म्हणून सहवैमानिकांना एक साधा नियम शिकवतात: दोनदा विचारून नीट उत्तर आलं नाही, तर विमान आपल्या हातात घ्या.

खासगी छोट्या विमानात हा सहवैमानिकच नसतो. उजव्या सीटवर बायको, भाऊ, धंद्यातला भागीदार, नाहीतर मित्र. पण फॉक्स मॉथच्या मानाने एक गोष्ट पार बदलली आहे. १९५० च्या दशकात आलेल्या सेसना १७२ सारख्या विमानांत दोघं शेजारी बसतात आणि दोघांच्याही पुढ्यात योक, म्हणजे विमान वळवायचं सुकाणू, असतं. एक फिरवलं की दुसरंही फिरतं. अमेरिकेतल्या विमानमालक-वैमानिकांच्या संघटनेने १९६० च्या दशकात याच सीटसाठी एक छोटा अभ्यासक्रम काढला, नाव ‘पिंच हिटर’. बेसबॉलमधला ऐन वेळचा बदली फलंदाज. सोबत्याला वैमानिक करणं हा त्याचा हेतू नव्हताच. विमान सरळ ठेवायचं, रेडिओवर बोलायचं, आणि खाली जिवंत उतरायचं, एवढंच शिकवायचं.

तेवढ्यावर माणसं वाचली आहेत. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडावर किंग एअर या दोन इंजिनांच्या विमानाचा वैमानिक हवेतच वारला. प्रवाशाकडे फक्त एका इंजिनाच्या विमानाचा परवाना होता. जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने किंग एअर उडवणाऱ्या ओळखीच्या वैमानिकाला दूर कनेक्टिकटमध्ये फोन लावला आणि तिथून येणारी एकेक सूचना रेडिओवरून पुढे दिली. २०१३ मध्ये इंग्लंडच्या हंबरसाइडला, अंधार पडल्यावर, कधीच विमान न चालवलेल्या ७७ वर्षांच्या गृहस्थांनी सेसना उतरवलं. मित्र वैमानिक वाचला नाही.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती १० मे २०२२ ची घटना. बहामाहून फ्लोरिडाला येणाऱ्या सेसना कॅरॅव्हॅनच्या वैमानिकाची महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटली, तो कोसळला आणि विमान खाली झेपावलं. प्रवाशाने पुढे होऊन ते सावरलं. नियंत्रकाने विचारलं, कुठे आहात? उत्तर आलं, काही कल्पना नाही, समोर फ्लोरिडाचा किनारा दिसतोय. मग त्याला सांगितलं गेलं की पंख सरळ ठेवा आणि किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला किंवा दक्षिणेला चालत राहा. रडारवर सापडेपर्यंत तो किनाराच त्याचा वाटाड्या होता. पुढचं मार्गदर्शन करणारा नियंत्रक उड्डाण-प्रशिक्षकही होता, पण कॅरॅव्हॅन त्याने कधी चालवलं नव्हतं. त्याने त्या कॉकपिटचं चित्र छापून समोर ठेवलं आणि त्यात बघून सांगत गेला. विमान पाम बीचला सुखरूप उतरलं. वैमानिकही वाचला.

दर वेळी हृदयच दगा देतं असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लिश खाडीवर फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना नेणारं पायपर मलिबू हे छोटं विमान कोसळलं. एक्झॉस्टमधून केबिनमध्ये शिरलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा वैमानिकावर परिणाम झाला असावा, असं तपासात निघालं. त्या वायूला वास नसतो, आणि बाधा शेजारच्यालाही होते. दोघंही बधिर झाल्यावर उजव्या सीटचा काही उपयोग नाही. अशा वेळी यंत्रच हवं. एक बटण दाबलं की विमान स्वतः धावपट्टी निवडून उतरतं, अशी गार्मिनची प्रणाली २०२० मध्ये प्रमाणित झाली, पण ती मोजक्या महागड्या विमानांत. जुन्या सेसनात माणूसच आहे.

कोकणापुरतं बोलायचं तर मुंबई ते रत्नागिरी हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे छोट्या सेसनाला तासाभराची वाट. मधे मुरुड, हर्णे, गुहागर, खाड्या आणि कातळाचे सडे. रत्नागिरीनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ, त्याच्या थोडं पुढे गोव्यातला मोपा. पावसाळ्यात समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं होतं, आणि ‘पंख क्षितिजाला समांतर ठेवा’ हा पहिला धडाच बाद होतो.

आमच्याकडे मच्छीमारी बोटीवर तांडेलाच्या छातीत कळ आली तर खलाशी सुकाणू धरतो, कारण त्याने ते आधी कधीतरी धरलेलं असतं. विमानात हे ‘आधी कधीतरी’ मुद्दाम घडवावं लागतं. उड्डाणाआधी जमिनीवर अर्धा तास काढून शेजारच्याला दाखवायचं: मी पुढे कोसळलो तर आधी मला योकवरून मागे ओढ, खांद्याचा पट्टा आवळ. ऑटोपायलट चालू असेल तर त्याला हात लावू नकोस. बोलायचं बटण इथे आहे. कुणी उत्तर देत नसेल तर रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी लाव, वरून जाणारी मोठी विमानंही ते ऐकत असतात. उंची सोडू नकोस, जितका वर तितका तुझा आवाज लांब जाईल. आणि खाली काय दिसतंय ते सांग.

हे शेवटचं तर इथल्या माणसाला सहज जमेल. पाण्यात शिरलेला विजयदुर्ग दिसला, तर रत्नागिरी उत्तरेला पन्नासेक किलोमीटर आणि चिपी दक्षिणेला साठेक.