जपून ठेवलेली चकती

गेल्या दिवाळीत आमच्या सोऱ्याची चकलीची चकती सापडेना. शेवेची होती, पापडीची होती, नेमकी चांदणीची नाही. आईने मांडणी उपसली, माळ्यावरचे डबे उतरवले, मी ओट्याखाली टॉर्च मारून पाहिलं. शेवटी भांडी बाजारातून नवी आणली, तर ती केसभर मोठी. जुन्या पितळी सोऱ्यात बसेचना. आईचं एकच पालुपद : "अगं, हरवू नये म्हणून मुद्दाम जपून ठेवली होती मी." मग वय झालं, आता काही लक्षात राहत नाही, म्हणून ती दोन दिवस हिरमुसली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गुलाबदाणीची पेटी तिच्या हातात दिली. कडी काढायच्या आधीच ती थबकली. "थांब, चकती यातच आहे!" आणि होतीच, मखमलीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेली. चैत्रगौरीसाठी पेटी बाहेर निघाली होती, त्याच आठवड्यात गच्चीवर बटाटा-साबुदाण्याच्या चकल्या घातल्या होत्या. सगळं तिला धडाधड आठवलं.

म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती. तिच्यापर्यंत जायची वाट सापडत नव्हती.

युजीन विनोग्राड आणि रॉबर्ट सोलोवे या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. वस्तू नेहमीच्या जागी ठेवलेली बरी की आगळ्यावेगळ्या? जागा जितकी अनपेक्षित तितकी ती लक्षात राहील, असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात उलट झालं. अनपेक्षित जागाच जास्त विसरल्या गेल्या.

मला यातलं कारण फार महत्त्वाचं वाटतं. ठेवताना वस्तू आणि जागा दोन्ही डोळ्यांसमोर असतात. शोधताना हातात फक्त वस्तूचं नाव असतं. चकती म्हटलं की सोऱ्या, सोऱ्या म्हटलं की स्वयंपाकघर, ही वाट वर्षानुवर्षांच्या सवयीने मळलेली आहे. चकतीपासून गुलाबदाणीकडे मात्र पायवाटसुद्धा नाही. ती ठेवण्याच्या त्या दोन क्षणांत पाडावी लागते, आणि तेव्हा आपलं सगळं लक्ष 'ही जागा कोण विसरेल?' या खात्रीकडे असतं. जागा विचित्र आहे एवढं मनात ठसतं, तिचं चकतीशी नातं ठसत नाही.

मेंदूत हे नातं जुळवण्याचं काम प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस करतो. कानशिलांच्या आत, खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा हा भाग वस्तू, जागा आणि प्रसंग यांची एक मोळी बांधतो. मोळीचं योग्य टोक हाती लागलं की बाकीचं ओढलं जातं. एंडेल टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी 1973 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच सांगतं : आठवण साठवताना जे सोबत होतं, तेच तिला परत आणायला सर्वांत उपयोगी पडतं. आईसाठी ते टोक म्हणजे ती पेटी होती. दिवाळीत पेटी कपाटात होती, आणि आम्ही माळा उपसत होतो.

किल्ल्या-चष्म्याची गोष्ट वेगळी. ते रोज ठेवले जातात, कालची आठवण आजचीत मिसळते.

आपल्या नाशिकमधल्या रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरायचे जमिनीखालचे हौद, मात्र हरवत नाहीत. तिवंधा चौकातली, शनी चौकातली रहाड रंगपंचमी झाली की बुजवतात, वरून वर्षभर गाड्या जातात. तरी पुढच्या रंगपंचमीला जागा अचूक उघडते, कारण ती शेकडो डोक्यांत आहे आणि पुन्हा पुन्हा आठवली जाते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात उतारा नुसता पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. घरातली जपून ठेवलेली वस्तू एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तीसुद्धा गरज पडेपर्यंत कुणी आठवत नाही.

म्हणून आता आई काही ठेवण्याआधी मला विचारते, "ही हवी झाली तर तू आधी कुठे बघशील?" मी सांगते, ती तिथेच ठेवते. चांदणीची चकती सोऱ्याच्या आतच असते, सुतळीने बांधलेली.