अकरा महिने आले कुठून? पुण्यातल्या भाडेकराराची पार्श्वभूमी

पुण्यात घर भाड्याने देताना किंवा घेताना अकरा महिन्यांची मुदत कोणी विचारतसुद्धा नाही, ती गृहीतच असते. कोथरूडमधला फ्लॅट असो नाहीतर हिंजवडीजवळची नवी सोसायटी, एजंट अकरा महिन्यांचाच मसुदा पुढे करतो. बारावा महिना लागला की भाडेकरूचा घरावर हक्क लागतो, अशी समजूत त्यामागे असते. महाराष्ट्रात ती खरी नाही. पण ती उगाच पसरलेली नाही, आणि कुठून आली हे कळल्याशिवाय करारात काय जपायचे हेही नीट कळत नाही.

अकराचा आकडा 1908 च्या नोंदणी कायद्यातला. त्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा वर्षानुवर्षे चालणारा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. मुदत वर्षाच्या आत ठेवली की नोंदणीची फी आणि कचेरीतला हेलपाटा दोन्ही वाचत. म्हणून देशभर अकरा महिन्यांचे कागद होऊ लागले. त्या आकड्याचा भाडेकरूच्या हक्काशी काही संबंध नव्हता. हक्काची भीती आली ती वेगळ्या कायद्यातून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून आलेल्या निर्बंधांतून पुढे 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. तो 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला आणि पुणे शहरालाही लागू झाला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, ते ‘प्रमाण भाडे’ ठरले. भाडेकरू ते देत राहिला, तर कायद्यातल्या ठरावीक कारणांखेरीज त्याला काढता येत नव्हते. भाडेकरू वारला, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जाई. कायदा तात्पुरता होता, पण मुदत संपत आली की वाढवली जाई. असे करत तो पन्नास वर्षांहून जास्त टिकला.

पुण्यातल्या पेठांवर याचा परिणाम खोलवर झाला. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या एकेका वाड्यात चौकाभोवती कितीतरी बिऱ्हाडे राहत. भाडे 1940 च्या आकड्यावर थांबले आणि लाकूड, चुना, कौले, मजुरी यांचे भाव मात्र वाढत राहिले. कित्येक वाड्यांत साऱ्या बिऱ्हाडांचे वर्षाचे भाडे मिळूनसुद्धा एका पावसाळ्याची गळती थांबेना. मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरूला तेवढ्या भाड्यात त्या वस्तीत दुसरी जागा मिळणे शक्य नव्हते, म्हणून तोही तिथेच राहिला. जागा सोडायची वेळ आलीच, तर नव्या माणसाकडून एकरकमी पागडी घेतली जाई. ती बेकायदा असल्याने तिची पावती नसे. आज पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्याची मुळे या गोठलेल्या भाड्यात आहेत. दोष एकट्या मालकाचा किंवा एकट्या भाडेकरूचा म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

त्यात 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले. मुठेकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. त्याच सुमारास 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1963 चा सदनिका मालकी कायदा आल्याने सोसायट्या आणि फ्लॅट वाढू लागले. आता घरमालक म्हणजे वाड्याचाच मालक असे राहिले नाही. एकुलता एक फ्लॅट घेऊन बदलीच्या गावी गेलेला नोकरदारही मालक झाला. भाडेकरू ठेवला तर परत आल्यावर घर मिळेलच याची त्याला खात्री नव्हती.

यातून ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट निघाली. यातल्या ‘लिव्ह’चा अर्थ सुट्टी नाही, अनुमती असा आहे. भाडेपट्ट्यात मालमत्तेतला काही हक्क समोरच्याकडे जातो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, हक्क आणि ताबा मालकाकडेच राहतो. ही व्याख्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. भाडेनियंत्रण भाडेकरूला होते, लायसन्सधारकाला नव्हते. म्हणून कागदावर भाड्याच्या जागी ‘लायसन्स फी’ आली. कोर्टे मात्र नुसत्या शीर्षकावर जात नसत. 1959 च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कागदाचे नाव गौण आहे, पक्षांचा खरा हेतू काय ते पाहायचे.

मग भाडेनियंत्रण कायद्यात 1973 ची दुरुस्ती आली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर लायसन्सने राहणारा माणूस, त्याच्याकडे निदान एक खोली असेल तर, कायद्याने भाडेकरू ठरला. मोजक्या महिन्यांसाठी दिलेली घरे मालकाच्या हातून कायमची गेली. आज अकरा महिन्यांवर महिना वाढवायला मालक कचरतो, ती भीती या तारखेची आहे. अनेकांनी त्यानंतर घर रिकामे ठेवले, पण दिले नाही.

या दुरुस्तीतून ‘पेइंग गेस्ट’ वगळला होता. त्याची व्याख्या नेमकी होती: मालक स्वतः राहतो त्याच घरातला काही भाग ज्याला लायसन्सवर दिला, तो. पेठांत शिकायला आलेल्या मुलाला घरातली एक खोली देणाऱ्या कुटुंबांना याचा आधार मिळाला. आज पुण्यात ज्याला पीजी म्हणतात, तिथे बहुतेक ठिकाणी मालक राहत नाही. अशा जागेला कायद्याच्या अर्थाने पेइंग गेस्ट म्हणता येत नाही, त्यामुळे कॉट बेसिसवर राहणाऱ्यानेही लेखी करार मागावा.

डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. आजही तोच चालतो.

जुन्या भाडेकरूंना त्याने संरक्षण ठेवले. प्रमाण भाडे 1 ऑक्टोबर 1987 च्या भाड्यात 5 टक्के मिळवून धरायचे आणि पुढे वर्षाला 4 टक्के वाढ. 1987 ला 100 रुपये भाडे असेल, तर 105 वर चक्रवाढीने मोजूनही पंचवीस वर्षांत ते 280 च्या आसपासच पोचते. पागडीला या कायद्याने मान्यता दिली, म्हणून आता ती पावतीनिशी घ्यावी. भाडे थकले तर मालकाने लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते. दुरुस्ती होत नसेल तर भाडेकरू निदान 15 दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. नळ किंवा वीज तोडून भाडेकरूला बाहेर काढणे बेकायदा आहे. उलट बाजूने, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने कुलूप लावून ठेवलेली खोली मालक परत मागू शकतो. वाड्यांच्या खटल्यांत हा मुद्दा वारंवार येतो आणि वीजबिलातले युनिट त्यात पुरावा ठरतात. हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

लायसन्ससाठी मात्र कायद्याने वेगळा रस्ता बांधला. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली आणि समोरचा निघाला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लायसन्सधारकाने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. मुदतीनंतरच्या राहण्याची भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने द्यावी लागते. दुकान किंवा ऑफिसचा गाळा यात बसत नाही, हे अनेक गाळामालकांना उशिरा कळते.

अकरा महिन्यांचा मूळ फायदा संपवला तो याच कायद्याच्या कलम 55 ने. करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्टॅम्प पेपरवर करार लिहून नोटरीचा शिक्का मारून घेण्याची पद्धत पुण्यात अजून दिसते. नोटरी म्हणजे नोंदणी नाही.

2013 च्या ई-नोंदणी नियमांनंतर हे काम घरबसल्या होते. नोंदणी महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावर मालमत्तेची माहिती, दोन्ही पक्ष, दोन साक्षीदार आणि अटी भरायच्या, शुल्क ऑनलाइन भरायचे, मग आधार, अंगठा आणि वेबकॅमवरचा फोटो. वयस्कर माणसांचे ठसे बरेचदा जुळत नाहीत, म्हणून आधारमधले ठसे आधी अद्ययावत करून घ्यावेत. मालक परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी तयार हवे. आणि भरलेला मसुदा अंगठा देण्यापूर्वी वाचावा. फ्लॅट क्रमांक, अनामतीची रक्कम, नोटीसचा काळ यांतल्या चुका नंतर दुरुस्त करायला नवा दस्त लागतो.

मुद्रांक शुल्क 60 महिन्यांपर्यंतच्या करारावर सध्या 0.25 टक्के आहे. ते मुदतीचे एकूण भाडे अधिक परतीच्या अनामतीवरचे वर्षाला 10 टक्के व्याज, यांच्या बेरजेवर लागते. भाडे 20,000, अनामत 60,000, मुदत 11 महिने धरू. 2,20,000 अधिक 5,500, म्हणजे शुल्क सुमारे 564 रुपये, आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000. असे तीन करार केले तर 33 महिन्यांचे सुमारे 4,700 होतात. एकदाच 33 महिन्यांचा केला तर सुमारे 2,700. एजंटाचे पैसे तिप्पट जातात ते वेगळेच. भाडेवाढीची टक्केवारी, लॉक-इनचा (करार मध्येच मोडता येत नाही असा) काळ आणि एक महिन्याची नोटीस लिहिली, की लांबचा करार दोघांनाही सोयीचा पडतो. मुदतीच्या बळावर भाडेकरू मालक होत नाही. जुना करार संपून नवा न करता नुसते भाडे घेत राहणे मात्र मालकाला महागात पडते.

अनामतीची कमाल रक्कम 1999 च्या कायद्यात ठरवलेली नाही, भांडणे मात्र सर्वात जास्त तिच्यावरूनच होतात. चावी देताना प्रत्येक खोलीचे फोटो, महावितरणच्या मीटरचा आकडा, पंखे-गीझर-नळांची यादी करारासोबत जोडावी. रंगाचे पैसे कापायचे असतील तर रक्कम आधीच लिहावी. सोसायटी भाड्याच्या घरासाठी वेगळे शुल्क घेऊ शकते, पण ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे.

पुण्याच्या मालकांनी आणखी एक हिशेब करावा. महापालिका 1970 पासून स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत देत आली आहे. ती मध्यंतरी बंद होऊन 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्यासाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो. घर भाड्याने दिले की ही सवलत मिळत नाही. भाडे ठरवताना कराचा हा फरक धरलेला नसला, तर तो पुढच्या वर्षीच्या बिलात दिसतो.